मुलांजेच्या पायथ्याशी एक घर : स्वयंसेवकाचे दैनंदिन जीवन

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आफ्रिकेतील खेड्यात स्वयंसेवक म्हणून घर बांधण्याचे काम नेमके कसे चालते, त्यात स्वयंसेवकाचा वाटा किती आणि गावाचा किती, या विषयावर मी बोलावे असे मला सुचविण्यात आले. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. २०१८ च्या जून ते ऑगस्ट या काळात दक्षिण मलावीतील मुलांजे जिल्ह्यात एका घराच्या कामावर मी होतो. दोन खोल्या, एक ओसरी, वर पत्र्याचे छप्पर, एवढेच ते घर. परंतु विकासाच्या चर्चेत आपण जे मोठे शब्द वापरतो, लोकसहभाग, योग्य तंत्रज्ञान, आपत्ती व्यवस्थापन, त्या सर्वांचा कस या दोन खोल्यांच्या घराने लावला.

प्रथम थोडा इतिहास पाहू. परदेशी जाऊन श्रमदानाने घरे बांधण्याची आधुनिक परंपरा पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली. १९२० मध्ये स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांचे शिबिर भरविले. युद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांतील माणसांनी एकत्र येऊन भिंती उभाराव्यात, ही त्यामागची कल्पना होती. पुढे १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल आपल्या काही सहकाऱ्यांसह बिहारमध्ये आले आणि नव्या वस्त्या उभारण्याच्या कामात स्थानिकांबरोबर राबले. हे मी मुद्दाम सांगतो. ‘स्वयंसेवक बाहेरून आला आणि त्याने आमच्या गावात घर बांधले’ हा अनुभव भारतानेही घेतलेला आहे. तेव्हा आपण घेणाऱ्या बाजूस होतो.

त्यानंतरच्या संस्थांची नावे आपल्या परिचयाची असतील. ब्रिटनची व्हीएसओ १९५८ ची, अमेरिकेचे पीस कोअर १९६१ चे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये यूएन व्हॉलंटियर्स हा कार्यक्रम स्थापन केला. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली, पण तिचे संस्थापक मिलर्ड आणि लिंडा फुलर हे दांपत्य त्याआधी तीन वर्षे तेव्हाच्या झाइर देशात घरे बांधत होते. म्हणजे ही कल्पना आफ्रिकेत आजमावली गेली आणि मग जगभर गेली. आपल्या देशाचा ‘आयटेक’ हा तांत्रिक सहकार्याचा कार्यक्रम १९६४ चा. त्याचा भर प्रशिक्षणावर राहिला आहे. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, २००१ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष होते, आणि २०२६ हे वर्षही संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले. एवढी माहिती टिपून घेतलीत तर परीक्षेपुरते आपले काम झाले. मला सांगायचे आहे ते यापुढचे.

देश आणि ऋतू

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतील भूवेष्टित देश. टांझानिया, मोझांबिक आणि झांबिया हे त्याचे शेजारी. पूर्वीचे ब्रिटिश न्यासालँड ६ जुलै १९६४ रोजी स्वतंत्र झाले. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक आणि त्यातील सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मलावी सरोवराने व्यापलेला. २०१८ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख होती आणि तिच्यातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहत होते. मका हे मुख्य पीक. इंग्रजी ही राजभाषा असली तरी व्यवहाराची भाषा चिचेवा.

ब्लँटायर शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर मुलांजे पर्वत मैदानातून एखाद्या भिंतीसारखा एकदम वर उठतो. त्याचे सापित्वा हे शिखर ३,००२ मीटर उंचीचे. पायथ्याशी चहाचे मळे, मळ्यांच्या पलीकडे मका आणि तुरीची लहान लहान शेते. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणून मका घरात आल्यानंतर, मे ते ऑक्टोबर हाच बांधकामाचा काळ. पुस्तकात या काळास ‘कोरडा ऋतू’ म्हणतात, पण मुलांजेत त्यावर विसंबता येत नाही. मोझांबिकच्या बाजूने दाट धुके आणि बारीक गार पाऊस येतो, त्यास तेथील लोक ‘चिपेरोनी’ म्हणतात. कधी कधी तीन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही. साच्यातून काढलेल्या विटा ओल्याच राहतात आणि सर्व काम थांबते. आफ्रिका म्हणजे ऊन अशी समजूत करून आलेले स्वयंसेवक अशा वेळी अंगावर असेल नसेल ते सर्व कपडे चढवून चुलीपाशी बसलेले दिसत.

घर कोणाचे, जमीन कोणाची

घर एका आजीबाईंचे होते. तेथे आजीला आणि आजोबांनाही ‘आगोगो’ म्हणतात. गाव त्यांना याच नावाने ओळखत होते, मीही तसेच म्हणतो. त्यांच्याकडे चार नातवंडे होती. मधली पिढी नव्हती. मलावीत एचआयव्ही-एड्सच्या साथीने १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे कर्ती माणसे मोठ्या संख्येने नेली. मोफत औषधोपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला, तोवर असंख्य घरांत आजी आणि नातवंडे एवढीच माणसे उरली होती.

दक्षिण व मध्य मलावीतील बहुतेक समाज मातृवंशीय आहेत. जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि विवाहानंतर पती पत्नीच्या गावी राहावयास येतो. या पद्धतीस ‘चिकाम्विनी’ म्हणतात. याचा घराशी थेट संबंध आहे. पत्नी निवर्तल्यास किंवा विवाह मोडल्यास पतीस गाव सोडावे लागते. त्यामुळे पुरुष पक्के घर बांधण्यात पैसा घालण्यास कचरतात, असे निरीक्षण अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनीही नोंदविले आहे. मातृवंशीय म्हणजे स्त्रीसत्ताक असे समीकरण मात्र मांडू नये. जमीन स्त्रीची असली तरी तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार बहुधा तिच्या भावाचा, म्हणजे मुलांच्या मामाचा असतो. मामास चिचेवात ‘मालुमे’ म्हणतात. आमचे पहिले चार दिवस कुदळीस हात न लावता केवळ बैठकांत गेले. गावप्रमुख, आगोगोंचे बंधू आणि दोन्ही बाजूंचे शेजारी, प्रत्येकाची संमती हवी होती. एका तरुण युरोपीय सहकाऱ्यास हा कालापव्यय वाटला. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत उपयुक्त काम या चार दिवसांतच झाले.

वाद जागेचा होता. जुने घर खाली ओढ्याजवळ होते. कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेले छप्पर. ओढ्याकाठच्या ओलीवर भाजीपाला होई आणि पाणीही जवळ, म्हणून आगोगोंना नवे घर तेथेच हवे होते. आमच्या संस्थेच्या आराखड्यातही तीच जागा दाखविलेली होती. विरोध केला तो मालुमेंनी. मार्च १९९१ मध्ये जवळच्या फालोंबे भागात डोंगरावरून दगड, चिखल आणि पाण्याचा लोंढा उतरला होता आणि शेकडो माणसे त्यात दगावली होती. त्या वर्षी आपल्या ओढ्याचे पाणी कुठवर चढले होते, हे मालुमेंना ठाऊक होते. त्यांनी सर्वांना बरोबर घेऊन एका आंब्याच्या झाडापर्यंत चालत नेले आणि घर या झाडाच्या वर बांधावे असे सांगितले. कोणत्याही नकाशावर ती रेषा नव्हती.

आगोगो सहजासहजी राजी झाल्या नाहीत. वरच्या जागेपासून हातपंप दूर पडत होता आणि पाणी त्यांना व नातीलाच आणावे लागणार होते. पूर दहा-वीस वर्षांतून एकदा येतो, पाणी मात्र रोज भरावे लागते, हा त्यांचा युक्तिवाद खोडून काढण्यासारखा नव्हता. अखेर ओढ्याकाठचा भाजीपाला त्यांच्याकडेच राहील आणि दोन शेजारणी आठवड्यातून काही दिवस पाण्यास हातभार लावतील, असे ठरल्यावर त्यांनी मान डोलावली. जोखमीच्या प्रदेशातील माणसे सुरक्षित जागी का जात नाहीत, असा प्रश्न आपण कार्यालयात बसून विचारतो. त्याचे उत्तर पुष्कळदा पाण्याच्या बादलीत असते.

वीट की ठोकळा

मलावीच्या खेड्यात वीट गावातच तयार होते. वारुळाची माती चिकट असल्याने तिला विशेष पसंती. माती तुडवून लाकडी साच्यात घालतात, विटा वाळवितात, मग त्यांचीच चौकोनी भट्टी रचून तळाशी ठेवलेल्या बोगद्यांत लाकूड पेटवितात. बाहेरून मातीचा लेप. आपल्या खेड्यांतील भट्टीशी हिचे बरेच साम्य आहे. अडचण लाकडाची. एका घराच्या विटांसाठी पुष्कळ झाडे जळतात आणि मलावीत जंगलतोड हा गंभीर प्रश्न आहे. मुलांजे पर्वतावरील देवदार हा देशाचा राष्ट्रीय वृक्ष, तो तर जवळजवळ नामशेष झालेला आहे.

याला पर्याय म्हणून मातीत थोडे सिमेंट मिसळून हातयंत्राने दाबलेले ठोकळे वापरण्याचे ठरले होते. असे ठोकळे भाजावे लागत नाहीत. १९५० च्या दशकात कोलंबियात ‘सिन्व्हा-राम’ नावाचे हातयंत्र तयार झाले, तेथून हे तंत्र जगभर पसरले. भारतात ऑरोव्हिल येथील अर्थ इन्स्टिट्यूटने या क्षेत्रात मोठे काम केले असून तेथील ‘ऑराम’ यंत्रे आफ्रिकेतही गेली आहेत.

तंत्र उत्तम, परंतु आगोगोंनी ठोकळा हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाल्या, “ही माती आहे.” त्यांच्या दृष्टीने लाल वीट ही प्रतिष्ठेची खूण होती. गावातील शिक्षकाचे घर लाल विटांचे, दुकानदाराचे लाल विटांचे. आयुष्यभर मातीच्या घरात काढल्यावर लोकांनी वर्गणी काढून पुन्हा मातीचेच घर द्यावे, हा त्यांना अपमान वाटत होता. पर्यावरणाचा बोजा नेहमी गरिबाच्याच घरावर का टाकावा, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता आणि तो मला रास्त वाटला.

गवंड्याने मार्ग काढला. त्याने एक ठोकळा आणि एक साधी न भाजलेली वीट पाण्याने भरलेल्या बादलीत रात्रभर ठेवली. सकाळी विटेचा चिखल झालेला, ठोकळा जसाच्या तसा. त्यानंतर त्याने पाया आणि जोते भाजक्या लाल विटांचे व त्यावरील भिंती ठोकळ्यांच्या, अशी रचना सुचविली. जमिनीतील ओलीच्या दृष्टीने हेच योग्य होते. शिवाय रस्त्यावरून जाणाऱ्यास आधी दिसणार ते लाल जोते! आगोगो हसल्या आणि कामास सुरुवात झाली.

एका दिवसाचे स्वरूप

सकाळी साडेपाचच्या सुमारास कोंबड्यांच्या आणि अंगण झाडण्याच्या आवाजाने जाग येई. मलावीतील खेड्यात अंगण झाडल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. त्यानंतर रीतसर अभिवादने. कोणाच्या दारी गेल्यास उंबरठ्याबाहेर उभे राहून ‘ओडी!’ म्हणावयाचे, आतून ‘ओडिनी’ असे उत्तर आले की मगच पुढे जावयाचे. वाटेत भेटेल त्यास ‘मुली ब्वांजी?’, म्हणजे ‘कसे आहात?’ असे विचारल्याशिवाय पुढे जाणे असभ्यपणाचे. कामाच्या जागेपर्यंतची दहा मिनिटांची वाट यामुळे अर्धा तास चाले.

आम्ही पोहोचण्यापूर्वीच बायकांच्या दोन फेऱ्या झालेल्या असत. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर वीस लिटरची बादली, पाठीशी चितेंजेत बांधलेले मूल. चितेंजे म्हणजे तेथील रंगीत छापील कापड. तेच लुगडे, तीच झोळी आणि गुंडाळले की तीच चुंबळ. बांधकामाला किती पाणी लागते, याचा अंदाज नळाचे पाणी वापरणाऱ्यास येत नाही. ठोकळ्यांची माती भिजविणे, जोत्याचा सिमेंटचा माल आणि नंतर ठोकळ्यांवर दिवसातून दोनदा पाणी मारणे. हे सर्व पाणी डोक्यावरून येत होते. प्रकल्पाच्या हिशेबवहीत सिमेंटच्या गोणीची नोंद होती, पत्र्यांची होती, आमच्या निवासाचीही होती. पाण्याच्या रकान्यात मात्र ‘स्थानिक सहभाग’ एवढेच दोन शब्द होते.

पाणी ज्या हातपंपावरून येई त्याचे नाव ‘अफ्रिदेव’. त्याचा प्रारंभ १९८० च्या दशकात मलावीतच ‘माल्देव’ या नावाने झाला होता. गावातील बायकांना स्वतः दुरुस्त करता यावा असा पंप, हे त्यामागील सूत्र. भारतातही हे पंप तयार होऊन आफ्रिकेत जातात. आपला ‘इंडिया मार्क टू’ हा पंप त्याआधीचा, १९७० च्या दशकातला आणि त्याच्या मुळाशी ‘सोलापूर पंप’ आहे, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

सातच्या सुमारास काम सुरू होई. आम्हा स्वयंसेवकांच्या वाट्यास माती चाळणे, यंत्राचा दांडा दाबणे, ठोकळे वाहणे आणि घमेली भरणे. ओलंबा, गुण्या आणि थापी गवंड्याच्याच हाती. त्याचा एक मदतनीस होता. ते दोघे दिवसभरात जेवढी भिंत रचीत, तेवढ्यासाठी लागणारे ठोकळे पुरवितानाच आम्ही सहा जण थकून जात असू. दुपारी न्सिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजविलेला गोळा उजव्या हाताने मोडावयाचा आणि भाजी, घेवडा किंवा सुकविलेल्या लहान मासळीबरोबर खावयाचा. जेवण्यापूर्वी यजमानांपैकी कोणी तरी पाण्याचे भांडे घेऊन पाहुण्यांच्या हातांवर पाणी घाली.

एके दिवशी न्सिमाबरोबर ‘नांडोलो’ आले. पाहतो तो तूर! दक्षिण मलावीत तूर मोठ्या प्रमाणावर पिकते आणि आपल्याकडील तूर बाजारात येण्यापूर्वी काही महिने तेथील पीक हाती येते. आपल्या देशाने २०२१ मध्ये मलावीशी करार करून दरवर्षी ५० हजार टन तूर पाच वर्षे आयात करण्याचे ठरविले. म्हणजे मुलांजेच्या एखाद्या शेतकरी बाईच्या घरावर पत्रा चढेल की नाही, हे काही अंशी भारतातील डाळीच्या भावावर अवलंबून असते. २०१८ च्या हंगामात भाव पडलेले होते. भारताने आदल्या वर्षी तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली होती. गावातील एका शेतकऱ्याने मला शांतपणे विचारले, “तुमच्या लोकांनी डाळ खाणे सोडले काय?”

मुले गोऱ्या सहकाऱ्यांच्या मागे ‘अझुंगू’ असे ओरडत धावत. मला ते ‘म्वेन्ये’ म्हणत, म्हणजे भारतीय. मलावीत भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात आहेत. त्यामुळे दुकानाच्या गल्ल्यामागे बसणारा भारतीय गावाच्या परिचयाचा, घमेले उचलणारा नव्हे. पहिल्या आठवड्यात, मी येथे दुकान कधी काढणार, अशी विचारणा मला तीन वेळा झाली.

दिवस साडेपाचच्या सुमारास मावळे. वीज नव्हती. कंदिलाच्या किंवा सौरदिव्याच्या प्रकाशात नातवंडांपैकी मोठी मुलगी शाळेचा अभ्यास करी आणि आम्हा सर्वांना चिचेवाचे उच्चार दुरुस्त करून देई. तेव्हा ती दहा वर्षांची होती.

पायापासून छपरापर्यंत

बांधकामाच्या तपशिलाविषयी थोडे सांगतो, कारण घराचे आयुष्य त्यावरच ठरते. मलावी पूर्व आफ्रिकेच्या खचदरीवर वसलेला आहे. १९८९ मध्ये सलिमा भागात आणि २००९ च्या अखेरीस उत्तरेकडील कारोंगा भागात भूकंप झाले. त्यानंतर २०१० मध्ये सुरक्षित घरबांधणीची मार्गदर्शक तत्त्वे त्या देशात तयार करण्यात आली. त्यांचा सारांश साधा आहे. जोते उंच घ्या, भिंतींना सर्व बाजूंनी वेढणारा एक सलग पट्टा दारा-खिडक्यांच्या वर टाका, छपराचे लाकूड त्या पट्ट्याशी लोखंडी पट्टीने किंवा तारेने घट्ट बांधा आणि पावसाचे पाणी भिंतीवर पडणार नाही इतके छप्पर बाहेर काढा.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात आपणही हाच धडा गिरविला. दगड-मातीच्या जाड भिंती एकमेकींशी बांधलेल्या नव्हत्या म्हणून कोसळल्या, हे तेव्हा स्पष्ट झाले होते. मुलांजेत आमचा काँक्रीटचा पट्टा घातला जात असताना गवंडी सळया मोजून घेत होता. त्याने त्याआधी बांधलेल्या घरांत पट्टा नव्हता. त्याचे कारण अज्ञान नव्हते. पट्ट्यास सिमेंट आणि सळई लागते, दोन्ही बाहेरून विकत आणावी लागतात आणि घरमालक प्रथम पत्र्यांसाठी पैसे राखून ठेवतो. पत्र्यास तेथे ‘मालाटा’ म्हणतात. पत्रा दिसतो, पट्टा गिलाव्याखाली झाकला जातो. २०१४ मध्ये मलावी सरकारने गरीब कुटुंबांसाठी सिमेंट व पत्र्यांच्या अनुदानाची योजना सुरू केली, तिचे लोकांच्या तोंडी नावही ‘मालाटा आणि सिमेंट’ असेच होते.

छप्पर बांधण्याचा दिवस हा सणाचा. बायकांनी गाणी म्हटली, मुलांना शाळेतून लवकर सोडले. गवंडी मात्र कोणाशी न बोलता प्रत्येक वाशाची पट्टी ओढून पाहत होता. ओसरीस तेथे ‘खोंडे’ म्हणतात. ती अरुंद करून खर्च वाचवावा, असे आमच्या कार्यालयातून कळविण्यात आले होते. आगोगोंनी त्यास ठाम नकार दिला. मका सोलणे, पाहुण्यांना बसविणे, मृत्यूनंतर लोकांनी जमणे, सर्व काही ओसरीवर होते. ओसरी पूर्ण रुंदीची झाली आणि तिच्यामुळे पुढील भिंतीचे पावसापासून रक्षणही झाले.

मग स्वयंसेवकाची गरज काय?

हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. मुलांजेत अंगमेहनत करणाऱ्यांची वाण नाही, तेथे काम मागणारे हात मुबलक आहेत. माझ्या विमानप्रवासाच्या खर्चात गवंडी, त्याचा मदतनीस आणि गावातील चार तरुण यांची कित्येक आठवड्यांची मजुरी भागली असती. केवळ श्रमाचा हिशेब मांडला तर परदेशी स्वयंसेवक हा फार महाग मजूर ठरतो आणि कामही कमी करतो. ज्या संस्था पंधरा दिवसांसाठी अननुभवी तरुणांचे जथे पाठवितात आणि त्यांच्या हाती थापी देतात, त्यांच्या उपक्रमास विकासकार्य म्हणणे मला कठीण जाते. ते पर्यटन आहे.

तरीही मी अशा कामाच्या विरोधात नाही. बाहेरच्या माणसामुळे काही गोष्टी घडू शकल्या. वर्गणी देणाऱ्यांपर्यंत कामाची खरी माहिती पोहोचली. पट्ट्यासाठी आणि लोखंडी पट्टीसाठी लागणारा पैसा कपातीतून वाचला, कारण त्यांचे महत्त्व कार्यालयास पटवून देणारा एक अभियंता जागेवर हजर होता. आणि गवंड्यास त्याच्या कौशल्याची रीतसर मजुरी मिळाली. आमच्या तुकडीत यावर मतभेद झाले होते. गवंड्यानेही श्रमदान करावे, असे काहींचे म्हणणे होते. आम्ही काही महिन्यांची सवड काढून आलो होतो, तो मात्र याच कामावर घर चालवीत होता. त्याने फुकट काम का करावे, याचे समाधानकारक उत्तर कोणाहीपाशी नव्हते आणि अखेर त्यास पूर्ण मजुरी देण्यात आली.

शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकराव्या उद्दिष्टात २०३० पर्यंत सर्वांना पुरेसे, सुरक्षित आणि परवडणारे घर मिळावे असे म्हटले आहे. उत्तर लिहिताना आपण हे वाक्य अवश्य लिहाल. त्यातील ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हाही मुद्दा त्यापुढे मांडावा. मुलांजेत तो ओसरीच्या रुंदीपर्यंत येऊन ठेपला होता.

२०१८ नंतर

घर ऑगस्टमध्ये पूर्ण झाले. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळ आले, जानेवारी २०२२ मध्ये ‘आना’ आले. दोन्ही वेळी दक्षिण मलावीत मोठी हानी झाली. परंतु खरी परीक्षा झाली ती मार्च २०२३ मध्ये. फेब्रुवारीच्या प्रारंभी ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस निर्माण झालेले ‘फ्रेडी’ हे चक्रीवादळ संपूर्ण हिंदी महासागर ओलांडून मादागास्कर आणि मोझांबिकवर आदळले, माघारी वळले आणि पुन्हा मोझांबिकमार्गे दक्षिण मलावीवर आले. आजवरच्या नोंदींत सर्वाधिक काळ टिकलेले उष्णकटिबंधीय चक्रीवादळ म्हणून जागतिक हवामान संघटनेने पुढे त्यास मान्यता दिली. मलावीत सहाशेहून अधिक मृत्यू झाले, पाचशेहून अधिक लोक बेपत्ता झाले आणि लक्षावधी लोक बेघर झाले. ब्लँटायर, चिराझुलू, फालोंबे आणि मुलांजे या जिल्ह्यांत डोंगरउतारावरून चिखलाचे लोंढे उतरले.

नऊ-दहा दिवस गावाशी संपर्क होऊ शकला नाही. त्यानंतर गवंड्याच्या भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे आली. ओढ्याने पात्र बदलले होते. जुन्या घराची जागा आणि भाजीपाल्याचा तुकडा दगड-वाळूखाली गेला होता. पाणी आंब्याच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत येऊन थांबले होते. आगोगोंचे बाहेरचे स्वयंपाकघर आणि शौचालय पडले होते, ओसरीचा एक खांब कलला होता, पण घर उभे होते. त्या दोन खोल्यांत त्या आठवड्यात शेजारची तीन कुटुंबे राहिली. गावातील ज्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या आणि पट्ट्यावाचून होत्या, त्यांतील बरीच कोसळली. त्यांतील काहींवर मालाटा होता.

गवंड्याचा संदेश छायाचित्रांपेक्षा महत्त्वाचा होता. मधल्या पाच वर्षांत त्याने गावात आणि शेजारच्या दोन गावांत घरे बांधली होती. त्यांपैकी जेथे मालकास सिमेंट परवडले तेथे काँक्रीटचा पट्टा, जेथे परवडले नाही तेथे निलगिरीच्या वाशांचा चौकटीसारखा बंध त्याने घातला होता. लाकडी बंधाची ही युक्ती त्याची स्वतःची. त्यास वाळवीपासून कसे वाचवावे, हे त्याला माझ्याकडून हवे होते. शिवाय छपराच्या पट्टीचा आराखडा आणि मापे असलेले पान त्याने पुन्हा मागविले. पहिले पान भिजून गेले होते आणि आता तीन तरुण त्याच्या हाताखाली काम शिकत होते.

मी ते पान पाठविले, इंग्रजीतच. त्यावरील मजकूर चिचेवात करण्याचे काम आगोगोंच्या मोठ्या नातीने केले. ती तेव्हा माध्यमिक शाळेत शिकत होती. तिने ‘रुंदी’ या शब्दापुढे कंसात ‘चार बोटे’ असे लिहिले, कारण त्या तीन तरुणांपैकी दोघांकडे मोजपट्टी नव्हती.